सदतीस क्रमांकाची मेणबत्ती

हेमचंद्र लासूरकर सरांचा छापलेल्या अक्षरावर जितका विश्वास होता, तितका बोलणाऱ्या माणसावर कधी बसला नाही. एकतीस वर्षं त्यांनी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, पण वर्गात उभं राहायचं म्हटलं की शेवटच्या दिवसापर्यंत घशाला कोरड पडायची. निवृत्तीनंतर उस्मानपुऱ्यातल्या घरात त्यांनी स्वतःभोवती पुस्तकं रचून घेतली. भानुमतीबाई म्हणायच्या, माझा नवरा घरातच असतो, फक्त भेटत नाही.

त्यामुळे औरंगपुऱ्यातल्या एका शैक्षणिक संस्थेत नोकरी करणारी दीपमाला काम घेऊन आली, तेव्हा ते सरांच्या स्वभावाला अगदी मानवेल असंच वाटलं. जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या शिक्षकांनी विज्ञानाचे व्हिडिओ तयार करून पाठवले होते. त्यांतले निवडक चारशे शाळांच्या टीव्हींवर जाणार होते. शिक्षकांची नावं झाकलेली, नुसते क्रमांक. प्रत्येक व्हिडिओसोबत त्याची लिहिलेली संहिता. सरांनी तपासून शेरा द्यायचा, बस. दीपमालानं जाताना दोनदा सांगितलं की सर, व्हिडिओ पाहूनच शेरा द्या. सर हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून साऱ्या संहिता कागदावर काढून आणल्या.

व्हिडिओ एकही पाहिला नाही. पडद्याकडं पाहिलं की डोळे चुरचुरतात, हे त्यांनी स्वतःला दिलेलं कारण होतं. खरं म्हणजे पडद्यावर मोकळेपणानं बोलणारा शिक्षक पाहिला की त्यांना आपली एकतीस वर्षं आठवत आणि ती वाया गेल्यासारखी वाटत. आणि जे बोललं जाणार ते लिहिलेलंच आहे, तर वाचणं आणि पाहणं यांत फरक तो काय, असंही त्यांना मनापासून वाटत होतं.

सदतीस क्रमांकाच्या शिक्षकानं अकरा पाठ पाठवले होते. दहा नीटनेटके होते. अकराव्यात ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घालण्याचा प्रयोग होता. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. संहितेत लिहिलं होतं, पेल्यातला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली.

हे चूक आहे. जळताना पेल्यातली हवा तापून फुगते, थोडी बाहेरही निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, म्हणून पाणी चढतं. सरांना हे कळून दोनच वर्षं झाली होती. त्याआधीची एकतीस वर्षं त्यांनी स्वतः दर साली वर्गात तीच मेणबत्ती लावून तेच चुकीचं कारण सांगितलं होतं. खरं कारण पुस्तकात वाचलं त्या दिवशी ते जेवले नव्हते. आता तेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी संहितेत समोर आलं, तेव्हा त्यांचा राग त्या वाक्यापुरता राहिला नाही. त्यांनी लिहिलं, ‘संकल्पना मुळातच चुकीची. शिक्षकाला स्वतःलाच विषय समजलेला नाही. हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू नये.’

एका पाठात संकल्पनेची गंभीर चूक निघाली तर त्या शिक्षकाचे सगळे पाठ बाद, असा नियम होता. सरांनी तो वाचला होता. तरी शेरा तसाच ठेवला.

तीन महिन्यांनी मानधनाच्या कागदावर सही करायला ते संस्थेत गेले. दीपमालानं चहा मागवला आणि सहज म्हणाली, एक व्हिडिओ बाद झाला त्याची मला फार रुखरुख लागली, बघता का. नाही म्हणायचं धाडस सरांना झालं नाही.

पडद्यावर शाळेच्या व्हरांड्यातली फरशी दिसली. ताटली, मेणबत्ती, पेला आणि दोन हात. आवाज मोठ्या माणसाचा, बोली बिडकीनकडची, ऐसपैस. संहितेत नसलेलंच काही तो आधी म्हणाला, नववीला आमचे लासूरकर सर व्हते, त्यांनी हा प्रयोग दाखवला त्या दिवशीच मी ठरवलं की आपुन मास्तर व्हायचं. मग पेला ठेवला, ज्योत विझली, पाणी चढलं, आणि संहितेतलं ते वाक्य त्यानं जसंच्या तसं म्हटलं.

संहिता तिथं संपत होती. व्हिडिओ संपला नाही.

एका मुलीचा आवाज आला. “सर, मेणबत्ती जळत व्हती तवा पाणी का नाय चढलं? इझल्यावरच चढलं की.”

हात थांबले. मग तो आवाज म्हणाला, “मोनिका, परत बोल. सगळ्यांनी आईका.” तिनं परत विचारलं. त्यानं पुन्हा मेणबत्ती लावली, मग एकाऐवजी तीन लावल्या. तीन लावल्यावर पाणी जास्त चढलं. “ऑक्सिजन तर पेल्यात तेवढाच हाय,” तो म्हणाला. “मग पाणी जास्त कसं? माझ्या सरांनी सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलं. पण मोनिका म्हणती ते बरोबर दिसतंय. मला माहीत नाय. आपुन शोधू.”

सरांनी चष्मा काढला आणि पुसायचा सोडून हातातच धरून बसले. एकतीस वर्षांत त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलानं हा प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर आपण ‘मला माहीत नाही’ म्हटलं असतं का, याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं.

यादी बदलता येईल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. निवडलेले व्हिडिओ भरून टीव्ही केव्हाच शाळांमध्ये गेले होते. मेणबत्तीचा पाठ एका स्टुडिओत नव्यानं करून घेतला होता, अचूक कारणासह. दीपमाला रागावली नाही. एवढंच म्हणाली, “सर, मी दोनदा सांगितलं होतं.”

तिनंच नाव आणि शाळेचा पत्ता काढून दिला. सोमनाथ नरवडे. सरांना शेवटच्या बाकावरचा, खेड्यातून सायकलवर येणारा एक मुलगा पुसटसा आठवला, पण तो हाच होता की दुसरा, याची खात्री होईना.

घरी येऊन त्यांनी पत्र लिहायला घेतलं. चार दिवस लिहीत होते. सदतीस क्रमांकाचा शेरा माझा आहे, व्हिडिओ न पाहता दिलेला आहे, ती चूक त्या शिक्षकाला मीच शिकवली होती, आणि तो माझ्यापेक्षा चांगला शिक्षक आहे. हे पत्र व्हिडिओ पाठवणाऱ्या साऱ्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं, अशी संस्थेला विनंती. भानुमतीबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “आधी त्याला दाखवा. अपमान त्याचा झालाय.”

सर पैठणच्या बसनं बिडकीनला उतरले आणि रिक्षा करून दोन-तीन कोसांवरच्या त्या शाळेत पोचले. मधली सुट्टी चालू होती. सोमनाथ आता चाळिशी ओलांडलेला, जाडसर, डोक्यावर विरळ केस. त्यानं सरांना लांबूनच ओळखलं आणि खिचडीचं पातेलं तसंच सोडून धावत आला. खुर्ची आणली, खिचडी शिजवणाऱ्या सारजाबाईंना चहा ठेवायला सांगितलं. सरांना काही बोलूच देईना. पोरांना गोळा करून, हे माझे सर, असं त्यानं दोनदा सांगितलं.

व्हिडिओंचा विषय सरांनी काढल्यावर तो हसला. आता बंद केलं म्हणाला. शेरा संस्थेनं तसाच्या तसा मुख्याध्यापकांना पाठवला होता, आणि त्यांनी तो आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तेव्हापासून, ऑक्सिजन अर्धवटच समजलेला म्हणून, शिक्षकांत त्याला ‘अर्धा ऑक्सिजन’ म्हणायला लागले. सर्जेराव म्हणून एक जण तर भेटला की नाकापुढं हात धरून विचारायचा, संपला का हो. सोमनाथ हे मजेनं सांगत होता. पण शेऱ्यातली तिन्ही वाक्यं त्यानं तोंडपाठ म्हणून दाखवली, तेव्हा त्यात मजा नव्हती.

“शेरा बरोबरच व्हता सर,” तो म्हणाला. “लिव्हणारा जाणकार असणार. पण तवापासून एक झालं. पोरगं प्रश्न विचारतं, अन् मी आधी मनात तपासतो, आपल्याला येतंय का. तेवढ्यात ते पोरगं दुसरीकडं बघायला लागतं.”

सरांनी पत्र काढून त्याच्या हातात दिलं. तोंडानं सांगायला जमलं नसतं.

सोमनाथनं ते सावकाश वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. चेहरा फारसा बदलला नाही, फक्त हसू गेलं. मग पत्राची घडी घालून त्यानं परत दिलं.

“तुम्ही बघितला नव्हता व्हय,” तो म्हणाला.

“नाही.”

“हे पाठवू नका सर.”

सर म्हणाले, हा माझा दोष आहे, लोकांना कळायला हवा. सोमनाथनं मान हलवली.

“लोक इसरत आलेत आता. सर्जेरावबी कंटाळला. हे आलं की परत निघंल सगळं. अन् माझ्या सरांनीच लिव्हलं व्हतं, हे त्यांना कळलेलं मला नाय चालणार. तेवढं ऱ्हाऊ द्या.”

ते ऐकताच सरांना हायसं वाटलं. क्षणभरच, पण अगदी स्पष्ट, उन्हातून सावलीत आल्यासारखं. आता कुणाला कळणार नाही. पुढच्याच क्षणी त्यांना आपल्याला हायसं वाटल्याची इतकी किळस आली की चहा त्यांनी अर्धाच पिऊन ठेवला. परतीच्या बसमध्ये सारा वेळ त्यांना तेवढंच दिसत होतं. सोमनाथ काय म्हणाला ते मागं पडलं. आपण पुन्हा एकदा लपायला निघालो आहोत, जन्मभर लपलो तसे, एवढाच विचार डोक्यात राहिला. शहर आलं तेव्हा ते घराकडं वळले नाहीत. रिक्षा करून थेट औरंगपुऱ्यात गेले आणि पत्र दीपमालाच्या टेबलावर ठेवलं.

तिनं वाचून विचारलं, “नरवडे सरांना चालणार आहे ना?”

“हो,” सर म्हणाले.

तिनं पत्राचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि सरांनाही त्या ग्रुपमध्ये घेतलं.

घरी पोचेपर्यंत फोन थांबायला तयार नव्हता. भानुमतीबाईंनी चष्मा लावला आणि ग्रुपवरचा एकेक संदेश वाचायला सुरुवात केली. केवढा हा मनाचा मोठेपणा. असे गुरू आता होणे नाही. सर, आपल्या प्रामाणिकपणाला वंदन. सर्जेरावानं तीन वेळा हात जोडलेली चित्रं टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, अर्ध्या ऑक्सिजनला पूर्ण गुरू लाभले. त्याच्याखाली हसरे चेहरे, एकाखाली एक. दोघा-तिघांनी सरांचा सत्कार करावा असं सुचवलं होतं. सोमनाथच्या व्हिडिओबद्दल कुणी काही विचारलेलं नव्हतं.

“त्याला दाखवलंत ना पत्र?” भानुमतीबाईंनी विचारलं.

“दाखवलं.”

“काय म्हणाला?”

सरांनी सांगितलं. भानुमतीबाईंनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

साडेसातच्या सुमारास दीपमालाचा फोन आला. नरवडे सर ग्रुपमधून बाहेर पडलेत, ती म्हणाली, फोनही घेत नाहीत, तुम्ही बोलून बघता का. सर बघतो म्हणाले. सोमनाथचा नंबर तिनं सांगितला, तो त्यांनी एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून घेतला, आकडे पुन्हा एकदा तिला वाचून दाखवले, आणि तो कागद समोर ठेवून, फोनला हात न लावता, बसून राहिले.