नवव्या प्रश्नाचे खरे उत्तर

सकाळी शाळेतल्या चाचणीत वामैथाने नवव्या प्रश्नापुढे खरा आकडा लिहिला, आणि दुपारी घरी येऊन पाहते तो धाकटा भाऊ न्जागी तापाने फणफणलेला.

चहाच्या उतारावरच्या त्या गावात पोटची पोरं कुणी मोजत नसे. मोजलं की एक उणं होतं; हे शिकवावं लागत नसे, आईच्या पाठीवर असतानाच ते अंगात मुरे. पण ही चाचणी घ्यायला शहरातून आलेले किहारा सर म्हणाले होते की, तीस देशांतली मुलं हेच प्रश्न सोडवत आहेत, सगळीकडे अर्थ एकच, तेव्हा खरं तेच लिहा. घरी मुलं किती? तिने लिहिलं, पाच.

वाटेत वर्गातली न्याकियो हसली होती. "खरं लिहिलंस? वेडी का गं तू? आम्ही सगळ्यांनी भलतंच लिहिलं. मी तर आमच्या आईला अकरा पोरं करून दिली."

आई न्जागीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. तिला काही सांगण्याची वामैथाची छाती झाली नाही. ती उलट पावली शाळेकडे धावली.

किहारा सर मोहोरबंद पेटी गाडीत ठेवत होते. उत्तर बदलता येत नाही, हे त्यांनी तिला मायेनेच समजावलं. मग तिने धापा टाकत सगळं सांगून टाकलं. न्याकियोच्या आईची अकरा पोरंसुद्धा.

सर पेटीकडे पाहत राहिले. आत बेचाळीस कागद होते.

"बाळाला दवाखान्यात नेलं का?"

"बाबा आले की नेतील. पण सर, आधी तो आकडा."

त्यांनी मोहोर फोडली. तिने पाच खोडून सहा लिहिलं.

"आता यात एकही खरा उरला नाही," सर स्वतःशीच म्हणाले.

परतताना ऊन कलत होतं. घरात नसलेलं सहावं मूल आपल्या मागून चालत येत आहे, असं तिला उगाच वाटत राहिलं. दाराशी ती थबकली. आत चुलीभोवती भावंडं असणार, आणि नजर काही विचारून मोजत नाही. तिने डोळे घट्ट मिटले आणि भिंत चाचपत ती आत गेली. न्जागीच्या अंथरुणापाशी बसली. हात पुढे केला, आणि कपाळाला टेकवण्याचा धीर होईना म्हणून तसाच अधांतरी धरून ठेवला.