माहेरचा कोयता

सासूबाईंनी एन्सेटच्या पानाचा देठ आडवा कापला आणि कापलेली बाजू माझ्यासमोर धरली.

"दाब."

मी अंगठ्यानं दाबलं. पिकलेल्या गळवातून यावा तसा पिवळा, चिकट थेंब वर आला. माझ्या पाठीवर बांधलेली माझी लेक ब्लेन खांद्यावरून हात पुढे करून तो धरायला बघत होती. सासूबाईंनी तिचा हात फटकन बाजूला मारला. नातीला त्यांनी कधी फुलाचाही मार दिला नव्हता. पोर रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

"आये, हे काय आलंय?"

"गप बस जरा."

सासूबाई घराच्या दारापर्यंत मागे गेल्या आणि तिथून पुन्हा, केळीसारख्या दिसणाऱ्या त्या एकेका एन्सेटपाशी थांबत आल्या. दारालगतच्या सर्वांत मोठ्या झाडाचा पोगा मान मोडल्यासारखा लोंबत होता. दुसरीचाही. तिसरीचाही. सातवीनंतर पोगे नुसते पिवळे होते आणि बारावीपासून पुढे सगळं हिरवंगार. बारावीपाशी त्या थांबल्या आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघू लागल्या.

सासूबाईंचं नाव बोगालेच. आमच्या डोंगरावर कुणाची एन्सेट पिवळी पडली, खुरटली, की बाया त्यांना बोलावून नेत. त्या आत शिरत, खोडाला बोटांनी टिचक्या मारत आणि सांगत, "हिला शेण कमी पडलंय," नाहीतर, "हिची जागा बदल, ही इथं रुसलीय." शिकलेल्या नव्हत्या. दोन मुलगे मातीत दिले होते, एकाला वाढवलं. तो, म्हणजे माझा नवरा, रस्त्याच्या कामावर दूर राजधानीत, आदिसला असतो. सासरे वारले तेव्हा त्यांच्याकडे एक गाय होती आणि अकरा एन्सेट. आता त्रेचाळीस होत्या. आम्ही तिघींनी वर्षभर खायचं ते सगळं त्या त्रेचाळिसांच्या खोडात उभं होतं.

मी खालची, अबाया तळ्याकाठची. आमच्याकडे केळी. लग्नात बाबांनी चार मुनवे पोत्यात बांधून दिले होते. ते बघून सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ही कसली बहीण आमच्या एन्सेटची? दिसते तशीच, पण गुण बघ. वर्षात पोटुशी, दीड वर्षात बाळंत आणि लगेच म्हातारी!"

"पण गोड खायला देते, आये."

"गोड खाऊन पोट भरतं होय गं? थंडी पडली की कुडकुडते, दोन महिने पाणी नसलं की लोळते. आमच्या हिला सहा वर्षं शेण घाला, तीनदा उचलून नव्या घरी नांदवा, मग कुठं ती खायला देते. पण पाऊस गेला तरी उभी राहते. पाऊस रुसलाय हे तिला कळतच नाही, येडीला."

"आणि फळ?"

"फळ कशाला? अख्खी तीच खायची." मग हसून, "सासूसारखी."

मी तरीही न्हाणीच्या पाण्यावर माझ्या चार केळी लावल्या. केळीला पाणी लागतं, ऊब लागते. मुनवे तिचे तीच काढते, घड उतरवला की तिचं काम संपलं. एन्सेटला मुनवे हवे असतील तर गड्डा चिरून, पोटात शेण भरून पुरावा लागतो, तेव्हा कुठं ती लेकरं देते. फूल यायच्या आत तिला पाडायची, बांबूच्या पट्टीनं खोडाची सोपटं खरवडायची, तो गर तिच्याच पानांत गुंडाळून खड्ड्यात आंबवायचा. त्याची कोचो भाकरी. उरलेल्या वाखाचा दोर. ब्लेनला मी पाठीशी बांधते ती पट्टीही सासूबाईंनी त्याच वाखाची वळली आहे. आणि ब्लेन जन्मली त्या आठवड्यात त्यांनी कुंपणापाशी आठ कोवळी रोपं लावली. "ही पाडायला येतील तेव्हा ही बया शाळेतून भूक भूक करत येईल," म्हणाल्या. सहा-सात वर्षांनंतरच्या भुकेची तजवीज करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पोगे लोंबले त्याच्या दीड महिना आधी मी ब्लेनला घेऊन माहेरी गेले होते. बाबांच्या बागेत काही केळी वाळल्या होत्या. घडातलं एक केळं मी सोललं तर आत तपकिरी. "ऊन फार झालंय या साली," बाबा म्हणाले. मीही तेच धरून चालले. निघताना बाबांनी त्यांचा चांगला कोयता धार लावून पानात गुंडाळून दिला. "विहीणबाईंना दे. त्यांच्या हाताला शोभेल."

आमच्या डोंगरावर परक्या घरचं पातं चुलीतल्या निखाऱ्यांत तापवल्याशिवाय एन्सेटला लावत नाहीत. हा नियम सासूबाईंनीच साऱ्या आळीला लावला होता. शेजारच्या अमारेचनं एकदा कंटाळा केला तर सासूबाई तिच्याशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

त्या दिवशी त्यांनी कोयता उलगडला, पात्यावरून बोट फिरवलं, चुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तापवू का, आये?" मी विचारलं.

"वेडी का काय? सुनेच्या बापानं प्रेमानं दिलेली वस्तू, ती घरात आल्या आल्या विस्तवात घालू? त्यांना काय वाटेल?"

मला किती बरं वाटलं! माझ्या माहेरचा एवढा मान कुणी ठेवला नव्हता.

त्याच दुपारी त्यांनी वाळकी पानं छाटली. दारापासून सुरुवात करून ओळीनं कुंपणापर्यंत. मी मागून पानं गोळा करत होते, ब्लेन पानांवर बसून हसत होती.

आणि आता त्या बाराव्या एन्सेटपाशी उभ्या होत्या आणि मला एकदम सगळं दिसलं. झाडं आजारी पडली होती ती त्यांच्या हाताच्या क्रमानं.

"आये, माझ्यामुळं..."

"आवाज बंद!" एवढ्यात कुंपणापलीकडून अमारेच आलीच.

"काय झालं अक्का? एवढ्या का ओरडताय?" तिनं पोगे पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! अगं बाई गं! कुठून आलं हे?"

"तुझं बघ आधी. माझा नवा कोयता नेला होतास ना त्या संध्याकाळी?"

"नेला होता. पण तापवून हो! तुमचाच नियम. लाल होईस्तोवर तापवला. माझ्या सगळ्या ठणठणीत आहेत." मग तिच्या लक्षात आलं असावं. तिची नजर माझ्यावर आली. "तो कोयता हिच्या माहेरचा ना?"

मी खाली बघितलं. त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर गेले असते.

"कोयत्याला काय विचारतेस?" सासूबाई म्हणाल्या. "हात माझा. मी तापवला नाही. साऱ्या आळीला सांग, बोगालेचनं पातं तापवलं नाही. जा, आत्ता जा. पोरांना म्हणावं, इकडं कुणी फिरकू नका."

"अक्का, असं कसं सांगू? लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"म्हणू देत. झाडं तर वाचतील त्यांची."

शेतकी खात्याची मुलगी दुसऱ्या दिवशी आली. कुंपणाबाहेरूनच तिनं सांगितलं: सगळं उपटा, तुकडे करा, खोल पुरा. हिरवी दिसतात तीसुद्धा. या मातीत दोन वर्षं एन्सेट नाही, केळही नाही. दोघींना हाच रोग होतो.

"म्हणजे बहिणीच निघाल्या तर," सासूबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

माझ्या केळी मी स्वतः तोडल्या. एका केळीला केळफूल आलं होतं. एन्सेट पाडायला आळीतले पुरुष आले, आपापल्या कुऱ्हाडी घेऊन, आणि प्रत्येकानं जाताना ती आमच्या चुलीत धरली. त्रेचाळीस. शेवटी ब्लेनची आठ रोपं राहिली. त्यांना कोयता लागला नव्हता. एवढ्या लहान झाडांना छाटायला पानंच नसतात. मी म्हटलं, "ही ठेवू या ना, आये?" त्या वाकल्या आणि हातानं एकेक उपटू लागल्या. चौथं उपटल्यावर हात थांबला. मग मी ब्लेनला खाली बसवलं आणि उरलेली चार मी उपटली.

घराला सावली होती हे मला त्या संध्याकाळी कळलं. दारातून थेट डोंगराची पलीकडची बाजू दिसत होती. सासूबाई उंबऱ्यावर बसून तिकडे बघत म्हणाल्या, "केवढं हे आभाळ! कशाला लागतं एवढं?"

आता आळीतली प्रत्येक बाई आठवड्यातून एकदा पानात बांधून कोचो आणून देते. सासूबाई दोन्ही हातांनी घेतात आणि डोळे वर उचलत नाहीत. बाबांना मी सगळं कळवणार होते. "कोयता छान आहे म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "आणि केळी वाळल्यात त्या तोडून पुरा म्हणावं, पातं तापवत जा म्हणावं. एवढंच."

काल अमारेच धावत आली. तिची एक एन्सेट पिवळी दिसत होती, तिच्या जिवाचं पाणी झालं होतं. "अक्का, चला ना! लवकर चला!"

सासूबाई गेल्या. मी ब्लेनला कडेवर घेऊन मागे. कुंपणाच्या फटीपाशी त्या थांबल्या.

"आत या ना."

"पायाला आमची माती आहे." त्या बाहेरच उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून. "देठ काप. हं, दाब. काय येतंय?"

"पाणी येतंय. स्वच्छ आहे."

"पिवळं नाही ना? नीट बघ."

"नाही हो अक्का! नाही!" अमारेच रडायलाच लागली.

"मग शेण घाल तिला. भुकेली आहे नुसती."

अमारेचनं डोळे पुसले आणि हात पुढे केले. "ब्लेनला तरी द्या. तिचे पाय कुठं मातीला लागलेत?"

सासूबाईंनी ब्लेनला माझ्या कडेवरून घेतलं आणि तिचे तळवे आपल्या पदरानं पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. मग तिला कुंपणावरून पलीकडे दिलं. एका मोठ्या पानाची सावली पोरीच्या डोक्यावर आली, तशी ती मान वर करून हसली.

सासूबाईंचे रिकामे हात कुंपणाच्या वर तसेच राहिले होते. त्यांनी ते सावकाश अलीकडे घेतले.