विलासच्या नावाचं लॉगिन

गुरुवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून सर्व्हर बदलायचं काम गुरुवारीच करायचं ठरलं. निघोज्यातल्या त्या छोट्या कारखान्यात सगळे मिळून चौदा कॉम्प्युटर, आणि साऱ्यांची ड्रॉइंग्ज, चलनं, हजेरी एकाच जुन्या सर्व्हरवर साठलेली. मालक उद्धवरावांनी आदल्या दिवशी विजयश्रीला एक यादी करायला सांगितली होती. कॉम्प्युटर वापरणाऱ्यांची नावं लिहायची आणि पुढं शेरा, चालू की बंद. जे सोडून गेले त्यांची नावं नव्या सर्व्हरवर न्यायची नव्हती.

विजयश्रीनं भराभर यादी केली. अकराव्या नावाशी मात्र हात थांबला. विलास वाघमारे. तिचा नवरा.

तळेगाव रस्त्यावर कंटेनरनं विलासची मोटरसायकल उडवली, त्याला दोन वर्षं होत आली होती. उद्धवरावांनी माणुसकीनं त्याची जागा तिला दिली. टेबल तेच, खुर्ची तीच. त्या गडबडीत नवं लॉगिन कुणी करून दिलं नाही, म्हणून नावही तेच राहिलं. रोज सकाळी विलासचं नाव टाइप करायचं आणि कामाला लागायचं. सुरुवातीला ते जड जायचं. मग सवय झाली, आणि पुढं त्या सवयीचाच आधार वाटू लागला. रेशन कार्डावरून, बँकेतून, सगळीकडून ते नाव कमी झालं होतं. इथं मात्र ते अजून कामावर येत होतं.

शेऱ्याच्या जागी तिनं लिहिलं, 'चालू'.

गुरुवारी सकाळी दहाला गणराज आला. चिंचवडला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, कारखान्याचं नेटवर्कही तोच बघायचा. जुन्या सर्व्हरवरचा सगळा माल नव्यावर उतरवायला लावून तो यादी घेऊन बसला.

"मॅडम, यात तुमचं नाव कुठं दिसत नाही?"

"मी अकरा नंबरच्या नावानं काम करते."

"मग हे वाघमारे साहेब कुठल्या मशीनवर बसतात?"

विजयश्रीनं यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं. "ते वारले. माझे मिस्टर होते."

गणराजचा चेहरा पडला. "सॉरी हो ताई, मला ठाऊक नव्हतं."

"ते नाव तसंच ठेवलं तर नाही का चालणार?"

त्यानं मान खाली घातली. "मी ठेवीन हो. पण उद्या काही चुकलंमाकलं तर नोंद त्यांच्या नावावर पडेल. गेलेल्या माणसाला कशाला जाब द्यायला लावायचा? फाईली सगळ्या येतील, ताई. फक्त नाव तुमचं लागेल."

 तिनं पेन घेतलं आणि 'चालू'वर काट मारली. 'बंद' मात्र तिच्यानं लिहवेना. ते गणराजनं लिहिलं.

दुपारी डबा खाऊन ती परत आली तेव्हा गणराज स्क्रीनकडं बघत डोकं खाजवत होता.

"सगळं उतरलं. एक फाईल अडलीय. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, सगळ्यांची नावं मिळून एवढं लांबलंय की नवा सर्व्हर घेईना. वाघमारे साहेबांच्याच फोल्डरात आहे. कामाची आहे का बघता? नाहीतर सोडून देतो."

फाईलचं नाव होतं, 'विजू बायोडाटा'. इतक्या आतल्या फोल्डरात विजयश्री कधी गेलीच नव्हती.

विजू तिला एकटा विलासच म्हणायचा. तिनं शेजारची तारीख बघितली आणि खुर्ची ओढून बसली. चौदा सप्टेंबर, दुपारचे चार चाळीस. त्याच संध्याकाळी साडेसहाला तो गेला होता.

त्या दिवशी सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तिला नोकरी करायची होती, तो कधीच हो म्हणत नव्हता. "तुम्हाला मी घरातच कुजायला हवी," असं ती बोलून गेली.  तो डबा ओट्यावरच ठेवून निघून गेला. तो उपाशी गेला, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"ताई, पाणी आणू?" गणराजनं विचारलं.

"नको. याची एक प्रिंट काढून द्या," ती म्हणाली. "मग बंद करा जुना."

त्यानं प्रिंट दिली, फाईल नव्या सर्व्हरवर तिच्या नावाच्या फोल्डरात टाकली, आणि जुन्या सर्व्हरचं बटण दाबलं. पंख्याची घरघर हळूहळू विरली. विजयश्रीनं तोंडाला पदर लावला आणि ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

घरी सासू, शालनबाई, पोळ्या लाटत होत्या. मुलगा गेल्यावर बीडहून आल्या त्या सुनेजवळच राहिल्या होत्या. विजयश्रीनं कागद पुढं केला आणि त्या सकाळचं भांडण, ओट्यावर राहिलेला डबा, सगळं सांगून टाकलं. शालनबाईंचं लाटणं थांबलं. 

"वाच," त्या म्हणाल्या. "काय लिवलंय त्यानं?"

विजयश्री वाचू लागली. नाव. शिक्षण, बी.कॉम. संगणकाच्या पुढं त्यानं लिहिलं होतं, 'शिकवला की लगेच येईल.' जन्मतारखेपाशी ती अडखळली. "एकवीस ऑगस्ट लिहिलंय. माझी बाराची आहे, आई."

"त्येला कुणाची तारीख ध्यानात ऱ्हायली? माझं आजारपणबी इसरायचा." शालनबाईंनी पिठाच्या हातानंच डोळे पुसले. "पुन्यांदा वाच. सुरवातीपासनं."

विजयश्रीनं पुन्हा सुरुवात केली, पण 'शिकवला की'पाशी येऊन ती थांबली. शालनबाईंनी कागद आपल्या हातात घेतला. अक्षरओळख नसलेली ती बाई ओळींवरून बोट फिरवत बसली, आणि तव्यावरची पोळी करपली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.