सासऱ्यांची फोर्टी

तन्मय नाइन एमएम वापरतो हे कळलं, त्याच दिवशी तो पद्माकररावांच्या मनातून उतरला. लेकीने, ऋताने, स्वतः निवडलेला नवरा. त्यात पिस्तूलही असं पुचाट. जावई म्हणून मान मात्र ते राखत. म्हणजे दर रविवारी यिशुन भागातल्या आपल्या फ्लॅटवर जेवायला बोलावत, पहिलं ताट त्याचं वाढायला लावत आणि पहिल्या घासापासून त्याला टोचत.

दोघेही एकाच शूटिंग क्लबात. धावत जाऊन पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या, गुणही मोजायचे आणि वेळही, असा तो खेळ. पद्माकररावांची फोर्टी म्हणजे पॉइंट फोर्टी बोअरचं पिस्तूल; तिची गोळी जोरकस, म्हणून नेम मधून थोडा हुकला तरी गुण कमी कापतात. नाइनला तिथे जास्त फटका बसतो, पण तिचा झटका हलका आणि दुसरी गोळी लवकर सुटते. थायलंडच्या स्पर्धेसाठी क्लबाच्या संघात एकच जागा उरली होती. एकसष्टीच्या पद्माकररावांना ती हवी होती, आणि जावयाला ती मिळता कामा नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

अडचण उजव्या कोपराची होती. कित्येक महिने ते ठणकत होतं. पण हे कबूल करायचं म्हणजे तन्मयसमोर नाक घासायचं. पद्माकररावांनी गुपचूप कमी जोराच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. त्यांचा जोर नियमापेक्षा कमी भरला तर फोर्टीचे जादा गुण जातात, हे त्यांना पाठ होतं. पण क्लबातल्या यंत्रावर वेग मोजायला जायचं, तर चार लोक विचारणार. ते गेलेच नाहीत.

निवड चाचणीच्या आधीच्या रविवारी आमटीची वाटी पुढे ओढत तन्मय म्हणाला, "बाबा, तुमची फोर्टी हल्ली हलकी वाजते. एकदा वेग मोजून घ्या."

"घाबरलात की काय, जावईबापू?"

"मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझं भलं तुम्ही बघू नका. तुमची फटाकडी सांभाळा."

ऋताने नवऱ्याच्या पानात भात वाढला आणि वडिलांकडे बघितलंही नाही.

चाचणीत म्हातारा पेटून उठला, हे मान्य करायला हवं. कोपरातून कळा येत होत्या तरी त्यांचा एकही नेम पुठ्ठ्याबाहेर गेला नाही. मधल्या चौकोनाबाहेर बऱ्याच गोळ्या लागल्या, पण फोर्टी कशासाठी घेतात? फलकावर ते तन्मयच्या पुढे होते. मग पंचांनी त्यांच्या गोळ्या मागून घेतल्या, यंत्रासमोर झाडल्या आणि मान हलवली. जोर कमी पडत होता. सगळे गुण नाइनच्या हिशेबाने पुन्हा लावले गेले आणि जागा तन्मयला मिळाली.

तन्मय त्यांच्यापाशी आला आणि सगळ्या क्लबासमोर नमस्काराला वाकला. पद्माकररावांनी झटकन पाय खुर्चीखाली ओढले. त्याचा हात फरशीला लागला. त्याने तो पँटला पुसला.

"आता समाधान झालं?" पद्माकररावांनी विचारलं.

"मी सांगितलं होतं, बाबा. तुम्हाला हरवायचं असतं तर गप्प बसलो असतो."

पद्माकररावांच्या अंगाची लाहीलाही झाली. त्याने लबाडी केली असती तर जन्मभर पुरेल इतका राग त्यांच्या पदरात पडला असता. तन्मय तेवढाही देत नव्हता.

"दुखत होतं तर सांगायचंत ना," ऋता म्हणाली. "पुढच्या वर्षी नाइन घ्या. तन्मय शिकवेल."

"फोर्टीच घेईन."

"मग या रविवारी आम्ही येत नाही. पुढचं बघू."

ती तन्मयचा दंड धरून एमआरटीच्या स्टेशनाकडे निघाली. तिला थांबवायला पद्माकररावांनी उजवा हात वर केला, तो खांद्यापर्यंतही गेला नाही.