डाव्या हाताची बोटं

पक्षाघाताने बायकोचा डावा हात लुळा पडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, की नेमाने व्यायाम केला तर बोटांत ताकद येईल. तीस वर्षं व्हायोलिन वाजवलेली बाई ती, तिने ते मनावर घेतलं. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती रबरी चेंडू दाबायची, ओला स्पंज पिळायची. मी समोर बसून आकडे मोजायचो आणि चेंडू निसटला, की टेबलाखाली शिरून शोधून आणायचो.

आठ महिन्यांनी तिची करंगळीसुद्धा तार दाबू लागली. त्या दिवशी मी व्हायोलिनच्या तारा जुळवून दिल्या. तिने एक साधी धून सुरू केली. बोटं जोरात पडत होती, पण नेमकी कुठे पडतात हे तिला कळतच नव्हतं. ताकद परत आली होती, स्पर्श आला नव्हता. एकही सूर जागेवर लागेना.

"छान वाजतंय," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत तिचा एकही चुकलेला सूर मी दाखवून दिल्याशिवाय सोडला नव्हता. तिने व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"अहो, तुम्ही तरी असं म्हणू नका."

मी तिचा डावा हात हातात घेतला. तो मी धरलाय, हे तिला बघूनच कळलं.