हात वर झाला की थांबायचं

समुपदेशक बाईंच्या खोलीत शिरलो आणि सांगितलं तिथे बसलो. इमारतीच्या कामावरची उंच क्रेन चालवतो मी. रोज शिडीने वर चढतो, तिथे कधी पाय लटपटले नाहीत. इथे तळमजल्यावरच्या मऊ खुर्चीत लटपटत होते. बायको बाहेर बसली होती, म्हणजे पळून जायचीही सोय नव्हती.

बोललो तर काम जाणार, डोकं फिरलेल्याला मुकादम वर कशाला चढवेल? आणि नाही बोललो तर काय होईल, ते मनात आणायचीही भीती वाटत होती.

"झोप लागते का?" बाईंनी विचारलं.

"लागते की." धडधडीत खोटं.

"तुमच्या मिसेस म्हणाल्या, रात्रभर जागे असता."

हिच्या पोटात काही राहील तर शपथ.

मग सांगू लागलो. दोन क्रेनवाल्यांचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलंय. सकाळी उठवतच नाही. लेक काही सांगायला आली तरी नकोसं होतं. "आणि वर केबिनमध्ये एकटा असलो ना, की..."

तेवढ्यात बाईंनी हात वर केला. मी चिडीचूप.

त्याही गप्प. त्यांच्या धंद्यात समोरचा अडखळला की वाट बघतात म्हणे. मी माझ्या धंद्याप्रमाणे वाट बघत होतो. बराच वेळ आम्ही दोघं शहाण्यासारखे एकमेकांकडे बघत बसलो.

"का थांबलात?"

"तुम्ही हात वर केलात."

"अहो, ऊन डोळ्यांवर येत होतं."

मग मी त्यांना समजावलं. उचल, फिरव, खाली घे, हे फक्त खालच्या इशारेवाल्याचं ऐकायचं. पण 'थांब' कुणीही म्हणू शकतं, अगदी झाडूवालासुद्धा. हात दिसला की थांबायचं, कारण विचारायचं नाही.

बाई हसल्या. "आणि तुम्हालाच थांबावंसं वाटलं तर?"

मला हसू आलं नाही. वरच्या माणसाकडे कोण बघतंय? सगळ्यांची नजर ओझ्यावर.

"परवा जेवणाच्या सुट्टीत केबिनचं दार उघडलं मी," मी म्हणालो. "शिडीकडचं नाही. दुसरं, पलीकडे नुसती हवा असलेलं. कसं बंद केलं, आठवत नाही."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "उद्या वर जायचं नाही. डॉक्टरांना मी आत्ताच फोन लावते. पण हे घरच्यांना कळायला हवं. त्यांना आत बोलवू?"

नको म्हणायचं होतं. तरी मान हलवली.

बायको आली, शेजारी बसली. मी सगळं सांगितलं, तिच्या चपलांकडे बघत. तिने माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट.

"मुकादमाला मी सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. माझी भीती कुठेच गेली नव्हती. पण आता घाबरलेले आम्ही दोघं होतो.