सोपटाची गाठ

सेतुमाधवानं अडॅप्टरचा शेवटचा स्क्रू काढला, नखानं झाकण उचकटलं आणि तोंड फिरवलं.

"शी! काय हे!"

झाकणाखालून जळक्या वार्निशचा वास आला, आणि त्यात मिसळून कुजक्या पानांसारखा दुसरा एक. काळ्या डबीवर सोनेरी अक्षरांत 'जपान' असं छापलेलं होतं. आत जपान नव्हता. आत बोटभर ट्रान्सफॉर्मर होता, फ्यूजचा पत्ता नव्हता. मेन लाइनच्या तारा आणि टीव्हीवरच्या खेळाकडं जाणाऱ्या तारा शेजारीशेजारी नुसत्या डाग देऊन सोडल्या होत्या. त्यांच्या उघड्या जोडांवर काहीतरी पिवळट, चिकट गुंडाळलेलं होतं. त्यानं ते पेन्सिलीच्या टोकानं उचललं.

"अहो, हे तर केळीचं सोपट," त्याची बायको संगीता त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "गजऱ्याला वापरतात ते."

"दोनशे तीस व्होल्टच्या तारेला गजरा! अगं, टेप नाही, नळी नाही, काही नाही, तर म्हणे सोपट! ज्यानं हे केलं त्याचे हात झडले पाहिजेत."

पलीकडं खुर्चीत त्याचे वडील, अप्पा, बसले होते. उजव्या हाताच्या बोटांना फडकं बांधलेलं, डावा हात फडक्यावर. त्यांची मान हळूहळू टेबलाकडं वळली आणि त्या पिवळट धाग्यावर बराच वेळ खिळून राहिली.

"तसं... बोलू नको," ते म्हणाले. अर्धांगानंतर त्यांचे शब्द असे अडखळत यायचे. "टाकून दे ते. माझे हात... ओले होते."

"ओले असोत नाहीतर सुके, अप्पा. माणूस मेला असता."

"टाकून दे म्हटलं ना."

सेतुमाधवानं टाकलं नाही. तो शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. फळ्यावर ट्रान्सफॉर्मर काढण्यात त्याची हयात गेली होती. हातानं त्यानं एकही गुंडाळला नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण चूक त्याला दिसायची. चूक दिसली की किळस यायची, आणि हल्ली ती सारखीच यायची. राजवाड्यामागच्या गल्लीत खांबाखांबाला केबलच्या काळ्या तारा वेलीसारख्या लोंबत होत्या. कालपर्यंत डाळ विकणाऱ्यानं एसटीडी बूथ टाकला होता. दिल्लीनं दारं उघडली म्हणतात. त्या दारातून आधी आत शिरला तो असला माल, असं त्याचं ठाम मत होतं.

खेळ मात्र जुना, अस्सल होता. अक्काचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, राजलक्ष्मीचा नवरा रघोजी सिंगापूरच्या गोदीत होता, तेव्हा त्यानं आणलेला. टीव्हीला जोडायचा, की पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि एक ठिपका. हातातल्या डबीवरची धातूची चकती फिरवली की रेघ वरखाली व्हायची आणि ठिपका टोलवायचा. बस, एवढंच. रघोजी गेल्यावर अक्कानं तो कापडात बांधून ठेवला होता. अप्पांचा उजवा हात लुळा पडला, डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला, आणि अप्पांनी तो खिडकीबाहेर फेकला. "मी काय तान्हं बाळ?" तेव्हा अक्का तो खेळ घेऊन आली. पहिल्या दिवशी चकती हलली नाही. महिन्यानं हलली. वर्षभरात अप्पा त्याच हातानं पेला उचलू लागले. पेल्यात ताकच असायचं; मीठ आणि कॉफी डॉक्टरांनी बंद केली होती.

मग गेल्या महिन्यात, ऐप्पसी महिन्याच्या पावसात, एका रात्री दिवे भगभगले आणि मूळचा अडॅप्टर जळाला. सेतुमाधवानं बाजारातून हा आणला. व्होल्ट तेवढेच, पिनेच्या आत उणे आणि बाहेर अधिक, सगळं तपासून आणला. आत डोकावला नाही तेवढा. परवा अप्पांनी चकतीला हात लावला आणि ओरडले. आता बोटांवर फोड होते आणि हात पुन्हा मांडीवर पडून होता. डॉक्टर म्हणाले, महिनाभर असाच पडून राहिला तर मिळवलेलं सगळं जाईल.

शुक्रवारी सकाळी अक्का नेहमीप्रमाणे आईच्या फोटोसाठी हार घेऊन आली. मोगरा, मरवा, मध्ये एखादं कण्हेरीचं फूल. हार घालून स्टुलावरून खाली उतरली आणि तिला फडकं दिसलं.

"अप्पा, हाताला काय झालं?"

"कॉफी... सांडली," अप्पा म्हणाले.

सेतुमाधव दाढी करत होता, त्यानं वस्तरा पुन्हा गालावर टेकवला. विजेचा झटका बसला म्हणायची म्हाताऱ्याला लाज वाटत असेल, असं त्याला वाटलं. अक्का टीव्हीवर घातलेल्या चादरीकडं पाहत क्षणभर उभी राहिली. मग पदर खोचून निघाली. "काम पडलंय रे घरी," ती म्हणाली.

कसलं काम, हे त्यानं विचारलं नाही. वर्षापूर्वी अक्काला एका मेसमध्ये स्वयंपाकाचं काम मिळत होतं, तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. मास्तरची बहीण परक्यांची उष्टी काढणार? शी! पुढं ती म्हणाली, घरी बसून करायचं काम मिळालंय, आणि तो सुटलो म्हणून गप्प बसला.

शनिवारी शाळा सुटल्यावर तो कीळवासलच्या बाजारात गेला. गटार तुंबलं होतं आणि त्याच्या काठावरच एकजण चकचकीत कागद लावलेल्या गाडीवर रंगीत सरबत विकत होता. नाकाला रुमाल लावून तो व्यंकटेशच्या दुकानात शिरला. व्यंकटेश रेडिओ-टीव्हीवाला. एकेकाळचा त्याचाच विद्यार्थी, नापास होणारा.

"चांगला अडॅप्टर दाखव," सेतुमाधव तमिळमध्ये म्हणाला. "चांगला म्हणजे, आतून चांगला."

"या ना सर. हा जपान, हा तैवान, हा जर्मनी."

"उघड."

"सर, विकायचाय मला तो."

"मी घेतो. उघड."

व्यंकटेशनं जर्मनी उघडला. तोच बोटभर ट्रान्सफॉर्मर, तेच उघडे डाग, तेच पिवळट सोपट. तैवान उघडला, तोही तसाच. सेतुमाधवानं तो गल्ल्यावर आपटला.

"लाज नाही वाटत? हा माल लोकांच्या पोराबाळांच्या हातात जातो."

"सर, अस्सल पाहिजे तर मद्रासहून मागवावा लागतो. कधी येईल, येईल की नाही, कोण सांगणार? आणि आला तर त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक उठून जातं." व्यंकटेश स्क्रू गोळा करत म्हणाला. "फक्त तुम्ही आत बघता."

"बनवतं कोण हे? नाव सांग. पोलिसांत देतो."

"नाव कशाला सर? एजंट आणून टाकतो. डब्या आणि तारा तो देतो, जोडतात इथंच. बायका जोडतात, घरोघरी." व्यंकटेशनं त्याच्याकडं न बघता आवाज थोडा खाली आणला. "सर, जाऊ द्या."

"जाऊ काय देऊ? जर्मनी बांधून दे. पुरावा म्हणून ठेवतो."

घरी येऊन त्यानं दोन्ही उघडे अडॅप्टर टेबलावर दिव्याखाली ठेवले. कागद घेतला, तक्रारीची पहिली ओळ मनात जुळवली, आणि हात धुवायला उठला. सोपटाला नुसतं पेन्सिलीचं टोक लावलं होतं, तरी बोटं बरबटल्यासारखी वाटत होती. परत येताना त्याची नजर आईच्या फोटोवरच्या हाराकडं गेली. फुलं मिटली होती, त्यामुळं गाठी उघड्या पडल्या होत्या.

फुलवाली गाठ उजवीकडं टाकते. सगळ्या जगाची गाठ उजवीकडं पडते. या हाराची गाठ डावीकडं पडली होती, आणि प्रत्येक गाठीला एक फेरा जास्त होता.

लहानपणी यावरून केवढी भांडणं! आई अक्काच्या डाव्या हातावर फटका मारायची. "देवाची माळ डाव्या हातानं? कार्टे!" अक्का रडायची आणि पुन्हा डाव्याच हातानं बांधायची. सुटू नये म्हणून एक फेरा जास्त मारायची. अप्पा ओसरीवरून म्हणायचे, "बांधू दे गं. देवाला कुठं कळतंय."

सेतुमाधवानं टेबलावरच्या तारा उचलल्या. डावीकडं. एक फेरा जास्त. दुसऱ्यातही तेच.

अप्पा खुर्चीतून त्याच्याकडं बघत होते. त्यानं अप्पांचा तो अडॅप्टर खिशात घातला आणि चपला पायांत अडकवल्या.

अक्काचं दार लोटलेलं होतं. वाटेतच त्याचा संताप इतका चढला होता की त्यानं हाकसुद्धा मारली नाही. आत जमिनीवर परातभर काळ्या डब्या होत्या. राळेचा धूर कोंडला होता. पितळी तपेल्यात पाण्यात सोपट भिजत होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, चष्मा नाकावर ओढून, अक्का मांडी घालून बसली होती. तिच्या बोटांच्या टोकांवर भाजल्याचे काळे ठिपके होते. पुरी तळताना उडालेलं तेल, असं त्यानं कधीतरी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"ये," ती म्हणाली. उठली नाही. "बस तिकडं, इथं कथिल सांडलंय."

"बसायला नाही आलो. अक्का, हे तू करतेस? तू? अगं, लाज कशी नाही वाटत? माणसं मारायचा धंदा आहे हा! आपल्या घराण्यात..."

"मेसमध्ये माणसं मरत नव्हती," ती शांतपणे म्हणाली. "ते तुला चाललं नाही."

मग त्याला तपेलं दिसलं आणि पुन्हा तोंड सुटलं.

"आणि हे! हे काय आहे? विजेच्या तारांना सोपट? एजंटानं सांगितलं हे? कुठला हलकट आहे तो?"

"त्यानं नाही सांगितलं." अक्कानं हातातली डबी खाली ठेवली. "तो म्हणाला, डाग दे आणि झाकण लाव. तारा उघड्याच रे, एकमेकींना लागतील, एवढं मलापण कळतं. टेप दे म्हटलं तर देत नाही. म्हणाला, बाकीच्या बायका काय मागत नाहीत. मग मीच बांधायला लागले. सोपट घरचंच आहे. एकेकाला वेळ लागतो, त्यामुळं माझे कमी होतात. पण निदान मनाला बरं वाटतं."

सेतुमाधव उभाच होता. गेले काही दिवस ज्या एका गोष्टीची त्याला सगळ्यात जास्त किळस आली होती, ती तेवढीच एक गोष्ट त्या डबीत कुणीतरी काळजीनं घातलेली होती. त्याला आता कशाची किळस यावी हेच कळेना. ती आली मात्र, आणि स्वतःचीच आली.

तो खाली बसला.

"अक्का," तो म्हणाला. वर्गातला आवाज येईना. "सोपट ओल धरतं. वाळलेलं असलं तरी. पावसाळी हवेत पुन्हा ओलं होतं आणि... वीज त्यातून पलीकडच्या तारेत जाते."

"पलीकडच्या म्हणजे?"

"खेळाकडं जाणाऱ्या."

अक्का परातीकडं बघत राहिली. बाहेर सायकलची घंटी वाजत गेली. तिनं एक डबी उचलली, गाठीवर नख लावलं आणि बांधली तशीच, डाव्या हातानं, उलटे फेरे सोडवायला सुरुवात केली. सेतुमाधवानंही एक डबी घेतली. गाठ त्याला सुटेना.

"ओढू नकोस," ती म्हणाली. "मागं फिरव."

त्यानं मागं फिरवलं. पहिल्यांदाच ते ओलसर सोपट त्याच्या बोटांत आलं. त्यानं बोटं पुसली नाहीत.

थोड्या वेळानं तिनं मान वर न करता विचारलं, "अप्पांचा हात कसा आहे?"

"बरा आहे."

"काय झालं होतं?"

त्याचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला.

"कॉफी सांडली," तो म्हणाला.

"हं. अप्पापण तेच म्हणाले." तिनं सोडवलेलं सोपट बाजूला ठेवलं. "दोन वर्षं झाली रे सेतू, त्यांची कॉफी बंद करून."

मग तिनं डावा हात पुढं केला.

"खिशातला तो दे इकडं. त्याची मी सोडते. तू जा आणि टेप घेऊन ये, चांगली. सोमवारी अप्पांना खेळायचंय."